तपासणीबाईचा खांदा

जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर एका खोलीत चल. खोली एवढीशी आहे, कपाटापेक्षा थोडीच मोठी. भिंतींना जाड, मऊ अस्तर लावलंय. दार ओढून घेतलं की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं नाहीसं होतं. आत एकच खुर्ची, तिच्यावर तू. समोर काचेची खिडकी आणि काचेपलीकडे टेबलाशी बसलेली एक बाई. तुझ्या दोन्ही कानांवर जड कप बसवलेत. आता कुठून तरी बारीकसा ‘टूं’ येईल. आला की हात वर करायचा, एवढंच काम. आला का? नाही? थांब, घाई नको. आता? तिथे इतकं शांत असतं की स्वतःच्या छातीतली धडधडही मोठी वाटते, आणि मग टूं खरंच आला की आपल्याला नुसतं तसं वाटलं, हेच कळेनासं होतं. अशा वेळी माणूस काय करतो? समोरच्याकडे बघतो. वर्गात फळ्यापाशी उभं असताना उत्तर आठवेना, की तू बाईंच्या भुवयांकडे बघतेस ना, तसंच. त्यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. ते लक्षात ठेव आणि उघड डोळे. गोष्ट त्या काचेपलीकडच्या बाईची आहे.

ती बाई आता आजी झाली होती. त्या दिवशी ती नातीला घेऊन चष्म्याच्या दुकानात बसली होती. नातीनं चष्म्याची दांडी मोडली होती, आणि ती कशी मोडली याच्या दोन-तीन वेगवेगळ्या हकिकती घरी सांगून झाल्या होत्या. दुकानदार चिमट्यानं बारीक स्क्रू उचलत होता आणि स्क्रू पुन्हा पुन्हा निसटत होता. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. चष्मा नसल्यामुळे नातीला चेहरे दिसत नव्हते, नुसते आकार दिसत होते, म्हणून ती अगदी टीव्हीखाली जाऊन मान वर करून उभी होती. तिथूनच ती ओरडली, “आजी, ही तू!”

“कुठे गं?”

“ही काय. पाठमोरी.”

“काहीतरीच. पाठीवरून कोणी ओळखतं का?”

“एक खांदा वर आहे बघ. लिफ्टचं बटण दाबताना तू असाच करतेस.”

दुकानदार हसला. आजीनं टीव्हीकडे पाहिलं, आणि हसायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. जुनं, पिवळट पडलेलं चित्र होतं. अस्तर लावलेली खोली, काच, काचेपलीकडे टोपी काढून बसलेला एक कामगार, आणि अलीकडे पांढऱ्या कोटातली एक पाठ. उजवा खांदा किंचित उचललेला. कंपनीनं कधीतरी स्वतःच्या कौतुकासाठी काढून घेतलेली फिल्म असावी. आपली पाठ तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. खाली पट्टी सरकत होती: झाकणांच्या कारखान्याचं दडवलेलं सत्य, जुना इंजिनिअर बोलला. मग तो इंजिनिअर दिसला, वाळलेला, गळ्यापाशी शर्ट सैल झालेला. तो सांगत होता की पत्र्यातून झाकणं कापणाऱ्या प्रेस बसवल्या त्याच वर्षी आवाज मोजला होता. माणसाचे कान टिकणार नाहीत हे सगळ्या वरच्या लोकांना माहीत होतं. म्हणून त्यानं प्रत्येक प्रेससाठी आवाज कोंडणारं आवरण तयार केलं, आतून जाड अस्तर लावलेलं, बाहेरून हिरवं. पण पत्र्याची पट्टी बदलताना आवरण उघडा, पुन्हा लावा, यात वेळ जायचा, झाकणं कमी निघायची. आवरणं गोदामात गेली आणि तिथेच राहिली. मग कंपनीचा आताचा, कडक इस्त्रीचा माणूस पडद्यावर आला आणि म्हणाला, “आमच्याकडे नियमित तपासणी होत असे. सर्वांचे कान उत्तम होते. तपासणाऱ्या बाई स्वतंत्र होत्या, प्रामाणिक होत्या.” दुकानदारानं चष्मा पुसून पुढे केला. “बघ गं पोरी, आता सगळं लख्ख दिसेल.” नातीनं तो नाकावर चढवला आणि सगळ्यात आधी आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

हिरवी आवरणं. घरी येताना, रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये (बटण तिनं नातीला दाबायला लावलं) तिच्या डोळ्यांपुढून ती हलेनात. तिला ती चांगली ठाऊक होती. गोदामाच्या पडवीत ती एकावर एक पालथी रचून ठेवलेली असत, आणि सगळी फॅक्टरी चहा प्यायला त्यांच्यावर बसत असे. आतल्या अस्तरामुळे ती बुडाला पत्र्यासारखी गार लागत नसत. थंडीत तर त्यांच्यासाठी ढकलाढकली व्हायची. तीही बसली होती, कप दोन्ही हातांत धरून, पाय हलवत. हे कशाचं आहे, असा प्रश्न कुणालाच कधी पडला नव्हता. मोठ्या कारखान्यात अशा कितीतरी वस्तू असतात, त्या कशाच्या हे आधी आलेल्यांना माहीत असेल असं नव्यांना वाटतं, आणि आधी आलेलेही कधी नवेच होते. आपले कान ज्यांनी वाचले असते त्यांच्यावर बसून ती माणसं दहा मिनिटांची सुट्टी काढत होती आणि एकमेकांशी हातांनी बोलत होती. हो, हातांनी. प्रेसच्या धडधडीत तोंडाचा काही उपयोग नसे, म्हणून तिथे प्रत्येकाला हाताचं नाव होतं. सुपरवायझर म्हणजे नाकाचा शेंडा वर ढकलायचा. मुकादम म्हणजे पोटावर ढोल वाजवायचा. भिंगरी म्हणून एक चपळ पोरगी होती, या प्रेसवरून त्या प्रेसवर गरगरत असायची, तिच्यासाठी एक बोट फिरवायचं. आणि तपासणीबाई आल्या हे सांगायचं असलं की लोक आपल्या उजव्या खांद्यावर दोनदा टिचकी मारत. कोटाला खांद्यावर पट्टी होती, त्यामुळे असेल, असं ती कितीतरी दिवस समजत होती.

मग एकदा एक म्हातारा कामगार तपासणीला आला. दारात तिनं त्याला नाव विचारलं तर त्यानं वय सांगितलं. आणि खुर्चीत बसल्यावर मात्र त्याचा हात दर टूंला अचूक वर. अगदी बारीक टूंलाही, जो कप लावून बसलं तरी तिला स्वतःला ऐकू येत नसे. ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावर होती. तेव्हा तिला कळलं, की टूं वाजवायचं बटण घट्ट आहे, आणि ते दाबताना आपला खांदा उचलतो. कळलं, आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची वळवली, कोपर टेबलावर रोवलं, बोटाच्या पेरानं बटण दाबलं, खांदा दगडासारखा ठेवला. त्या दिवशी एक मिशीवाला बसला होता, फॅक्टरीत सगळ्यांना हसवणारा. तो बसून राहिला. टूं जात राहिले आणि तो काचेतून तिच्याकडे बघत राहिला, आधी हसून, मग विचारल्यासारखा, मग नुसताच. हात मांडीवर पडून होते. त्या आठवड्यात त्याला घरी बसवलं. कंपनीचा नियमच होता, कान गेले की माणूस धोक्याचा. ज्यांनी कान घेतले तेच कान गेले म्हणून माणूस काढत होते, पण तेव्हा ही गोष्ट इतक्या सरळ रेषेत तिला दिसली नाही. तिला फक्त फाटकापाशी डबा हातात घेऊन उभा असलेला मिशीवाला दिसला. तिनं खुर्ची पुन्हा होती तशी केली. बटणावर हात ठेवला आणि खांदा मोकळा सोडला. सोडला म्हणणंही खरं नाही. नंतर नंतर ती तो मुद्दाम, थोडा जास्तच उचलत असे.

याला ती दया म्हणत आली होती. मोठ्यानं नाही, मनातच, आणि मनात म्हटलेल्या शब्दाला कोणी हरकत घेत नाही. निवृत्त झाल्यावर बाजारात कोणी जुनं माणूस भेटलं की ते दुरून हसून खांद्यावर टिचकी मारायचं, आणि तिला ऊब वाटायची. भिंगरी तर रस्त्याच्या पलीकडून हाक मारायची, “ओ तपासणीबाई!”, इतक्या मोठ्यानं की गाड्यावाले थांबून बघत. आपण यांच्या चुली विझू दिल्या नाहीत, असं ती स्वतःला सांगे. आता तो कडक इस्त्रीचा माणूस तिच्या दयेच्या आड उभा राहून सांगत होता, सर्वांचे कान उत्तम होते. खोटं तो बोलत नव्हता. खोटं तिनं बोलून ठेवलं होतं, एकेक खांदा उचलून. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे ती कधी वळूनही बघत नसे. तिला ती खोली आवडायची. तपासायला कुणी नसलं की ती स्वतःच आत जाऊन बसे, आख्खी फॅक्टरी धडधडत असताना दार ओढून घेतल्यावर येणाऱ्या त्या मऊ शांततेत. सगळे नापास झाले असते तर कुणीतरी विचारलं असतं, असं कसं झालं, आणि मग त्या प्रश्नाचा आवाज त्या खोलीतही आला असता.

संध्याकाळी कामगारांच्या बाजूच्या वकीलबाईचा फोन आला. आवाजावरून पोरसवदा होती, पण मुद्द्याला धरून बोलणारी. “आजी, चौकशी सुरू होतेय. कंपनीकडे सांगायला एकच गोष्ट आहे, तुमच्या तपासण्या. त्या खऱ्या नव्हत्या असं सांगू शकणारं माणूसही एकच आहे. तुम्ही याल?” ती म्हणाली, “कळवते.” आजीची मुलगी स्वयंपाकघरातून ऐकत होतीच. “आई, कशाला त्या भानगडीत पडतेस? तू नोकरी केलीस. ज्यांनी केलं ते निस्तरतील. पेपरात नाव येईल, लोक म्हणतील ही बाई खोट्या तपासण्या करत होती. या वयात ते कशाला ओढवून घ्यायचं?” मुलीचं चूक नव्हतं. आजीनं मान डोलावली. पण जेवताना तिच्या मनात आलं, की पेपरातल्या लोकांचं काय, ते उद्या विसरतील. आधी भिंगरीला सांगायला हवं. भिंगरीनं तोंडावर हसून ‘असू द्या हो बाई’ म्हटलं की मग कुणाहीपुढे बोलता येईल. ती माफी मागायला नाही, माफी आणायला निघाली होती. हा फरक तेव्हा तिच्या ध्यानात आला नाही.

शाळेला सुट्टी होती म्हणून नात बरोबर आली. भिंगरीची खोली जिन्याच्या टोकाला होती, दारावरची घंटा दाबली की आत दिवा लुकलुकायचा. भिंगरी आता जाडजूड झाली होती, पण दार उघडायला आली ती जुन्याच वेगानं. “बाई! या, या. आणि ही कोण, चष्मेबहाद्दर? डोळे घालवून बसलीस होय? मी कान घालवले, तू डोळे, बरी जोडी जमली!” नात खुदकन हसली. खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. भिंगरीनं आजीला उजेडात बसवलं, ओठ दिसावेत म्हणून. “हळू बोला, तोंड उघडून बोला. मशीन कानात घातलं की नुसती शिट्टी वाजते, ते डब्यात टाकलंय. पाहिलंत ना टीव्हीवर? त्या हिरव्या डबड्यांवर बसायचो आपण! मी तर एकावर माझं नाव कोरलं होतं.” आणि ती हसली, पण हसू लगेच संपलं.

मग आजीनं सांगितलं. म्हातारा, घट्ट बटण, मिशीवाला, खांदा. “मला माहीत होतं गं. तुम्ही माझ्या खांद्याकडे बघून हात वर करता हे मला माहीत होतं. मी मुद्दाम करायचे. तुमच्यासाठीच केलं. तुम्हालाही ठाऊकच होतं ना सगळं? म्हणून तर ते नाव.” आणि तिनं खांद्यावर दोनदा टिचकी मारली, हसण्याचा प्रयत्न करत.

भिंगरी तिच्या ओठांकडे बघत होती. शब्द संपले तरी बघत राहिली, जणू अजून काही यायचं राहिलंय.

“बाकीच्यांना ठाऊक असेल,” ती म्हणाली. नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही. स्वतःचा आवाज किती आहे हे कळत नसूनही तो आपोआप खाली गेला होता. “ते नाव मला आधीच्यांनी शिकवलं. कशावरून पडलं ते मी विचारलं नाही. मला ऐकू यायचं बाई. टूं यायचा. मी हात वर करायची.”

“अगं, पण यायचा कसा? सगळ्यात बारीक आवाज तर…”

“मला यायचा. मला तसं वाटायचं. तुमचा खांदा दिसत असेल, आणि डोक्यात टूं वाजत असेल. मला काय माहीत. मी पास व्हायची. दर वेळी पास.”

नात खाली फरशीवर बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. भिंगरीनं पदराला हात पुसले, ते ओले नव्हते तरी.

“माझा मुलगा तेव्हा तान्हा होता. नवरा रातपाळीला. मी सगळ्यांना सांगायची, माझं बाळ किती शहाणं, रात्रभर हूं की चूं नाही. कौतुक करायची. शेजारीण एकदा दारात आली, म्हणाली, अगं तुझं लेकरू रात्रभर टाहो फोडतं, आम्हाला झोप नाही, तू उठत का नाहीस? मी तिला काय काय बोलले, बाई! म्हटलं, तुझ्याच घरचं रडत असेल. माझे कान कंपनीत तपासतात, पांढऱ्या कोटातली बाई तपासते, ठणठणीत आहेत माझे कान. तिनं बोलणं टाकलं ते टाकलंच. वर्षभरानं ती घर सोडून गेली.” भिंगरीनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. “मग तो खरंच रडेनासा झाला. हाक मारत नाही तो अजून. एवढा मोठा झालाय, पडला, लागलं, ताप आला, तरी हाक मारत नाही. सून म्हणते, तुमचा मुलगा फार मुकाट आहे. मी म्हणायची, जन्मापासून शांत आहे गं. जन्मापासून.”

आजीला वाटलं की खोलीतली हवा जाड झाली आहे, अस्तर लावल्यासारखी. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढलं, त्याचा खरखराट तिला अगदी स्पष्ट ऐकू आला, आणि आपल्याला तो ऐकू येतो याचीच लाज वाटली. तिच्यापुढे एक अंधारी खोली होती, पाठ करून झोपलेली थकलेली पोरगी होती, आणि हातभर अंतरावर लाल होऊन रडणारं मूल होतं. आजी तिथे नव्हती, पण तपासणीच्या कागदांवर तिच्या सह्या होत्या. एकदा, फक्त एकदा, खांदा दगडासारखा ठेवला असता, तर ही घरी बसली असती, चूल कशीबशी पेटली असती, पण बाळाला उशाशी घेऊन, त्याच्या अंगावर हात ठेवून झोपली असती. आपल्याला ऐकू येत नाही एवढं तरी तिच्याजवळ असतं. ते तिचं स्वतःचं होतं, आणि ते तिच्यापासून काढून घेतलं गेलं, प्रेमानं, काचेपलीकडून. हे कंपनीनं केलं असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कंपनीनं केलेलं आता सगळ्या जगाला कळलं होतं. हे त्यात नव्हतं.

“तुम्ही चौकशीत बोलाल?” भिंगरीनं विचारलं. “हे सगळं. मला सांगितलंत तसं, सगळ्यांसमोर, त्या इस्त्रीवाल्याच्या तोंडावर. बोलाल?”

आणि आजीच्या ओठांवर जे आलं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. मुलीचा आवाज, पेपर, शेजारपाजार, सगळं एकदम आठवलं. “बघते,” ती म्हणाली. “म्हणजे, तब्येत… विचार करते गं.”

भिंगरीला ओठ वाचता येत होते. ती उठली, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, गर्रकन फिरवली, आणि खिडकीकडे तोंड करून तिच्यात बसली. भांडण नाही, शिवी नाही. जिला ऐकू येत नाही तिनं पाठ फिरवली, की बोलणं संपतं. दार लावावं लागत नाही.

आजी त्या पाठीकडे बघत राहिली. रुंद पाठ, मानेवर आलेले पांढरे केस, विटलेल्या कापडाखाली संथ हलणारा श्वास. “भिंगरी,” ती म्हणाली. “अगं, ऐक.” मग आपण काय बोललो हे तिला कळलं, आणि ती गप्प झाली. गप्प झाल्यावर आत कुठेही लपायला जागा उरली नाही. ना दया, ना नोकरी, ना ती मऊ खोली. आणि तेव्हा तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला, बारीक, घोगरा, पण पुरा. “बोलेन. मी बोलेन. सगळ्यांसमोर बोलेन.” पाठ हलली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. पाठीला काय. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि तिच्या शब्दांपैकी एकही ज्या माणसासाठी होता त्याच्यापर्यंत जात नव्हता.

नात फरशीवरून उठली. तिनं आजीचा पदर ओढला नाही, रडू नकोस असंही म्हणाली नाही. ती खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेली, खुर्ची आणि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली आणि भिंगरीच्या गुडघ्यांपाशी खाली बसली. तिथून तिनं मान काढून आजीकडे पाहिलं.

“आजी, तिकडून बोलून उपयोग नाही,” ती म्हणाली. “इकडे ये.”

आणि आजीला बसता येईल एवढी जागा व्हावी म्हणून ती भिंतीला अंग चिकटवून सरकली.